डावी झडप

—नाही, नाही, उठू नका. मी तुम्हाला हाकलत नाही, एवढंच म्हणतोय की ताकाला आलात तर भांडं लपवू नका. मघापासून माझ्या रंध्याचं कौतुक करताय, पटाश्यांना धार कुणाकडून लावून घेता विचारताय – धार मीच लावतो, सुतार कधी दुसऱ्याकडून धार लावून घेतो का – आणि मला कळतंय की तुम्हाला जेलरसाहेबांनी पाठवलंय. पाठवलंय ना? मग झालं तर. त्यात लाजायचं काय. तुम्ही बाहेरून बोलावलेले सुतार, तीन दिवस त्या फाशीच्या तख्तापाशी खपताय, तीनदा वाळूचं पोतं टांगून चाचणी झाली, आणि तिन्ही वेळा पायाखालच्या दोन झडपांतली उजवी पडली, डावी अडकली. मला कसं कळलं? अहो, तुरुंगातला स्वयंपाकी जाता जाता इथे टेकतो, त्याच्या पोटात काही राहत नाही. सव्वीस वर्षं त्या तुरुंगाचा सुतार होतो मी. होतो कसला, अजून आहे, निलंबित आहे फक्त. तर बसा. पण आधीच सांगून ठेवतो, मिस्त्री – मी तिथे येणार नाही, आणि ती झडप का अडकते ते सांगणारही नाही. बाकी काय हवं ते बोला.

चहा येतोय. हिने टाकलाय. ही फार बोलणार नाही तुमच्याशी, मनाला लावून घेऊ नका, माझ्याशीही बोलत नाही हल्ली. तिचा भाऊ परवा इथेच बसून मला म्हणाला, दाजी, त्या खुन्यासाठी चालती नोकरी घालवताय, हात दाखवून अवलक्षण. खुनी आहेच तो. उगाच निर्दोष-बिर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. दोन माणसं मारली त्याने, नवरा-बायको, घरात शिरून, आणि नाकारलंही नाही कधी. आणि त्या मेलेल्या नवऱ्याची आई – तुम्हाला हे ठाऊक नसेल – ती आमच्याच चर्चमध्ये येते. माझ्या पुढे दोन बाकं सोडून बसते. मिस्सात, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, एक वेळ येते, शेजारच्याला हात द्यायचा आणि शांती असो म्हणायचं. पूर्वी ती मागे वळून मला हात द्यायची, बाकांची दुरुस्ती मीच केलेली, तेवढी ओळख. आता वळत नाही. समोर बघत उभी राहते. मीही हात खिशात घालून उभा राहतो, आणि ती वेळ संपायची वाट बघतो. दर रविवारी. बारा रविवार झाले.

तीन महिने ना. आधी हुकूम आला की एकोणीस वर्षं बंद पडलेलं ते फाशीचं काम पुन्हा सुरू करायचं. सरकार नवं, धोरण नवं. मग त्याच्या पाठोपाठ दुसरा कागद आला. पूर्वी आमच्या सेवानियमांत एक ओळ होती – धर्माच्या किंवा सद्सद्विवेकबुद्धीच्या कारणावरून कुणालाही फाशीच्या कामातून सूट मागता येईल. कुणालाही. तो शब्द काढला. आता सूट कुणाला, तर जो प्रत्यक्ष फाशी देतो त्याला. दांडा ओढणाऱ्याला. बाकी आम्ही सगळे – मी, दोर आणणारा, दिवे बघणारा वायरमन – आम्ही म्हणे देखभाल. देखभालीला कसला आलाय विवेक. मी अर्ज केला तर समिती बसवली माझ्यावर. तीन माणसं. एक बाई अध्यक्ष, एक कायद्याचे साहेब, आणि एक नुसतेच लिहून घेणारे. वाईट नव्हती हो माणसं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. बाई म्हणाल्या, मिस्त्री, या तुरुंगातली किती दारं तुम्ही केली असतील? म्हटलं मोजली नाहीत, दोनशे तरी असतील. म्हणाल्या, त्या दारांमागे माणसं जन्मभर कोंडून ठेवली तेव्हा तुमचा धर्म आडवा आला नाही, आणि जमिनीत बसवलेल्या दोन झडपा दुरुस्त करायला सांगितल्यावर आला? आता बोला. काय बोलणार? उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, जेवताना – की बाई, त्या दारांतून माणूस कधी ना कधी परत येऊ शकतो – पण जेवताना सुचलेलं उत्तर काय कामाचं. हिला सांगितलं तर ही म्हणाली, भात वाढू का आणखी.

मग म्हणाले, तुमच्या धर्मात हे बसत नाही याचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे काय? तर धर्मगुरूचं पत्र. गेलो फादरकडे. आमचे फादर तरुण आहेत, शिकलेले, भला माणूस, दोन रात्री जागून पत्र लिहिलं. इतकं सुंदर लिहिलं की मला निम्मं कळलं नाही. त्यात म्हटलं होतं की चर्चची आजची शिकवण देहदंडाच्या विरुद्ध आहे, माणसाची प्रतिष्ठा आणि काय काय, आणि शेवटी – इथेच घोडं पेंड खातं – शेवटी लिहिलं की अमुक एका सुताराने अमुक एका फळीला हात लावावा की लावू नये हे मात्र ज्याच्या त्याच्या विवेकाने देवासमोर ठरवायचं असतं. झालं. कायद्याचे साहेब चष्मा वर करून म्हणाले, म्हणजे चर्चचा असा नियम नाही, हे तुमचं खासगी मत आहे. खासगी मताला सूट नाही. म्हटलं, साहेब, विवेक खासगीच असतो ना? ते म्हणाले, मग त्यासाठी धर्माचा अर्ज कशाला केलात? म्हणजे नियम दाखवला तर म्हणणार तुमचा विवेक कुठाय, आणि विवेक दाखवला तर म्हणणार नियम कुठाय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फादरांना मी हे सांगितलंच नाही. बिचाऱ्यांना वाटतंय पत्राचा उपयोग झाला.

थकतो हो माणूस. तुम्हाला वाटत असेल हा मोठा ताठ कण्याचा. छे. मी भांडकुदळ नाही, माझं कुणाशी वाकडं नाही. जेलरसाहेब रोज गाडी थांबवून म्हणायचे, एक दिवस ये, दोन तासांचं काम आहे, मी स्वतः तुझा निलंबनाचा कागद मागे घेतो. चौथ्या दिवशी मी जवळजवळ हो म्हणणार होतो. खरंच. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय. ते फोनवर बोलत राहिले आणि मी घरी आलो. एवढंच माझं शौर्य.

आणि शेवटच्या सुनावणीला त्या लिहून घेणाऱ्याने, जो आधीच्या बैठकांत एक अक्षर बोलला नव्हता, त्याने पिशवीतून एक पुस्तक काढलं. धर्मशिक्षणाचं जुनं पुस्तक, आमच्या लहानपणी पाठ करून घ्यायचे तसलं. कुठून मिळवलं देव जाणे. त्यात त्याने खूण घालून ठेवली होती. वाचून दाखवलं – सरकारला असा दंड देण्याचा अधिकार आहे. मग अगदी नरम आवाजात मला विचारलं, तुमच्या चर्चने शिकवण अलीकडे बदलली, बरोबर? म्हटलं बरोबर. म्हणाला, मग एकोणीस वर्षांपूर्वीच्या नोंदीत तख्ताच्या कामापुढे सही आहे ती तुमचीच ना?

हो. माझीच. त्यात लपवण्यासारखं काय आहे. नोकरीचं सातवं वर्ष होतं. सांगितलं, केलं. तेव्हा चालत होतं. फादर वेगळे होते, पुस्तक वेगळं होतं, मीही – जाऊ द्या. सही माझी आहे म्हटलं, आणि समितीने माझा अर्ज फेटाळला. पुढचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढचं काय म्हणजे? पुढचं काही नाही. चहा घ्या, निवतोय.

तुम्ही सुतार आहात म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणाला यातलं कळणार नाही. तेव्हा जुन्या झडपा कुजल्या होत्या, मला नव्या करायला सांगितलं. सागवान दिलं, काय सांगू, एक गाठ नाही, एक भेग नाही. तुरुंगात असलं लाकूड हाताला लागत नाही कधी. मी चार दिवस जीव ओतून काम केलं. दोन झडपा मिटल्या की मधून कागद सरकणार नाही असा सांधा बसवला. जेलर – तेव्हाचे, हे नव्हेत – त्यांनी बोटाने चाचपून बघितलं आणि म्हणाले, वा. आणि मला बरं वाटलं. का वाटू नये? पस्तिशीतला माणूस. आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. आलं ना? तोंडावरून दिसतंय. असा सांधा कपाटाला करायचा, उघड्यावर जमिनीत बसवायच्या झडपेला नाही. आदल्या दिवशी कुणीतरी मोठे साहेब येणार म्हणून सगळं तख्त पाण्याने धुऊन काढलं. घासून, बादल्या ओतून. लाकूड फुगलं. चांगलं लाकूड असलं तरी पाणी पितंच.

मी खालच्या खोलीत होतो. नियम होता तसा, काही अडलं तर सुतार जवळ असावा. अंधारी खोली, वर त्या झडपा, छतासारख्या. दांडा ओढल्याचा आवाज आला, उजवी झडप धाडकन खाली आली, आणि डावी आलीच नाही. माणूस अर्धवट लोंबकळत होता, त्याचा एक पाय डाव्या झडपेवर टेकलेला. मला पाय दिसत नव्हता, आवाज येत होता. टाच घासल्याचा. किती वेळ? मला नाही सांगता येणार. वरून जेलर ओरडले, मार, खालून मार. माझ्या हातात लाकडी हातोडा होता. मी मारला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला सुटली.

तर ते असं आहे. प्रत्यक्ष फाशी देणाऱ्याला सूट आहे, देखभालवाल्याला नाही. मी समितीपुढे एवढंच बोललो असतो ना – की बाई, दांडा ओढणाऱ्याच्या हातून तो मेला नाही, माझ्या हातून मेला – तर कदाचित त्यांना सूट द्यावी लागली असती. तोंड उघडलं होतं मी. उघडलं आणि पाणी मागितलं. हिलाही माहीत नाही. तिला वाटतं मी त्या दिवशी ताप घेऊन घरी आलो. आणि तुम्ही विचाराल, पापनिवेदनाला गेला नाहीत का? गेलो की. त्याच आठवड्यात गेलो. गुडघे टेकले आणि फादरांना म्हटलं, माझ्या हातून एक काम वाईट झालं. ते म्हणाले कसलं काम? म्हटलं, एक दार होतं, ते फार घट्ट बसवलं, त्यामुळे एका माणसाला त्रास झाला. ते हसले असावेत, जाळीतून दिसत नाही. म्हणाले, पुढच्या वेळी फट ठेव, आणि तीन प्रार्थना म्हण. मी म्हटल्या तीन. रविवारी रांगेत उभा राहून फादरांच्या हातून ती पवित्र भाकर, ख्रिस्तशरीर, घेतलं. एकोणीस वर्षं घेत आलो. हुकूम आला त्या दिवसापासून नाही घेतलं. बाकावरच बसून राहतो. लोकांना वाटतं मी सरकारचा निषेध करतोय.

तुम्हाला कशाला सांगितलं हे सगळं. तुम्ही कोण माझे.

बरं, आता याचं ऐका, ज्याला आता फाशी द्यायचीय त्या माणसाचं. मला निलंबित करायच्या आधी महिनाभर, त्याच्या कोठडीतली पलंगाची फळी तुटली म्हणून मी गेलो होतो. उंच आहे तो, माझ्याहून हातभर. खाली बसून माझं काम बघत होता. मी माप घ्यायला लागलो तर म्हणाला, मिस्त्री, जमलं तर थोडी लांब करा, नऊ वर्षं झाली, रात्री पाय बाहेर लोंबतात. नियमात बसत नाही, पलंगाचं माप ठरलेलं असतं. पण मी वीतभर लांब केली. कुणाच्या लक्षात आलं नाही. तो आडवा झाला, पाय पसरले, आणि नुसता पडून राहिला, डोळे मिटून. मी हत्यारं गोळा करून निघालो. एवढीच आमची ओळख. आवडतो का मला? नाही. त्या आईकडे बघतो ना, तेव्हा अजिबात नाही आवडत. पण वीतभर फळी वाढवून दिलेल्या माणसाखालची दुसरी फळी मी काढू शकत नाही, बस. हे अर्जात कसं लिहायचं सांगा. मी सद्सद्विवेकबुद्धी लिहिलं, तेही तीनदा खोडून.

आणि गंमत बघा, इतके दिवस अर्ज, पत्र, समिती, काही कामाला आलं नाही, आणि आता मला काही करायचंच नाहीये. नुसतं गप्प बसायचं. स्वयंपाकी सांगत होता, आणि तुम्हालाही माहीत असणार – आज बुधवार, फाशी शुक्रवारी सकाळी. उद्या दुपारी शेवटची चाचणी. ती फसली तर जेलरला लिहून द्यावं लागतं की साधन नादुरुस्त आहे. तारीख रद्द. नवी तारीख कोर्टाने द्यायची, कोर्टाला सहा आठवडे सुट्टी, आणि ती संपल्याबरोबर त्याच्या वकिलाचा अर्ज आधी सुनावणीला येतो. जगेल असं नाही म्हणत मी. पण सुनावणी तर होईल. आणि हे सगळं कशावर? तर मी उद्या दुपारपर्यंत तोंड बंद ठेवण्यावर. आयुष्यात देवाने मला इतकं सोपं काम कधी दिलं नव्हतं. म्हणून म्हणतो, राग मानू नका, तुमच्यावर काही नाही, तुम्हाला कामावर बोलावलं, तुम्ही आलात, तुमचंही घरदार असेल. पण मी सांगणार नाही. चहा प्या आणि जा, त्यांना सांगा म्हातारा काही बोलला नाही.

काय?

रंधा मारणार? आज संध्याकाळी? डाव्या झडपेच्या कडेला? अहो मिस्त्री, परवापासून तुम्ही दोनदा रंधा मारलाय तिला, स्वयंपाकी म्हणत होता ढीगभर सालपं निघालीयत, आणखी किती खाणार ती फळी? मधली फट आता बोटभर झाली असेल. झालीय ना? मग बोटभर फट असताना घासेल कशी ती मधल्या कडेला, जरा विचार करा ना. झडप मध्ये घासतच नाहीये. आणि आणखी रंधा मारलात तर मधल्या पट्टीवर टेकायला तिला जागाच उरणार नाही, मग वर माणूस उभा केला की आपोआप कोसळेल, दांडा ओढायच्या आधीच. चांगलं सागवान, माझ्या हातचं, त्याची वाट लावताय तुम्ही. लाकडाचा दोष नाहीये तो. चौकट तिरकी झालीय. डावीकडचा मागचा खांब बसलाय जमिनीत, खाली भराव आहे तिथे, मागच्या वेळीच मला कळलं होतं, त्या – त्या प्रकारानंतर मधला सांधा मोकळा केला तरी ती धरायचीच, तेव्हा मी ओळंबा लावून बघितला होता, करंगळीभर खचलेला. खांब खचला की चौकट त्या कोपऱ्यात दाबते आणि झडप बिजागरीपाशी धरते. तुम्ही बघताय मधे, ती धरलीय मागे. कोपऱ्यात बोट फिरवा, घासल्याची चकाकी दिसेल. मी तेव्हा खांबाखाली शिसवी पाचर ठोकली होती, ओळंबा सरळ येईस्तोवर, आणि मग झडप अशी पडायची, नुसती – आवाज न करता. शंभर वेळा पाडून बघितली मी. एकोणीस वर्षांत वाळून, आकसून निघाली असेल ती पाचर, तिथेच खाली पडली असेल धुळीत. रंधा काय मारताय. पाचर बसवा आणि ओळंबा लावा, अर्ध्या तासाचं

—

तुम्ही काही लिहून घेतलं नाहीत. कागद-पेन्सिल तर दिसत नाही हातात. कागदावर असतं तर मी फाडून घेतलं असतं. पण तुम्हाला काय गरज लिहायची. एकदा ऐकलं की बसलं डोक्यात. मला तरी कुठे लिहावं लागलं असतं.

मिस्त्री, एक करा. नका सांगू. मी पाया पडत नाही, मला ते जमत नाही, पण पाया पडलो असं समजा. उद्या दुपारपर्यंत फक्त. रंधा मारा हवा तर. खुशाल मारा, ती फळी पार संपवा, म्हणा मला काही सापडलं नाही, तुम्हाला कोण दोष देणार, बाहेरचे आहात. एवढं बोललो मी तुमच्याशी, आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नाही ते सांगितलं. त्याचं तरी.

नाही ना? बघा, तुमच्या तोंडावर दिसतंय. तुम्हाला राग नाही आलेला, लोभही नाही, तुम्हाला आनंद झालाय. तीन दिवस अडलेलं काम सुटलं की होतो तसा. मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मी असतो तर आत्ता या चहात माझं लक्षही नसतं, कधी जाऊन तो कोपरा बघतो असं झालं असतं.

समितीपुढे तीन बैठका गप्प बसलो. जेलरपुढे गप्प बसलो, घरात गप्प बसलो. आणि तुम्ही नुसता रंधा म्हणालात.

हो. सुटेल. म्हणताय ते खरं आहे, या वेळी अडकणार नाही, टाच घासणार नाही, खालून कुणाला हातोडा मारावा लागणार नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणताय ना. म्हणू नका. उठा आता. कप राहू द्या तिथेच. बाहेर पडताना अंगणात ही दिसेल, कपडे वाळत घालतेय, तिच्याशी बोलू नका काही. आणि शुक्रवारनंतर या बाजूला येऊ नका, तुमचं तोंड मला बघायचं नाही, तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. जा.

आता काय राहिलं? दारात उभं राहून काय विचारताय? पाचर कुठल्या बाजूने ठोकायची?

...

आतून. बाहेरून ठोकलीत तर खांब चिरतो, आणि झडप अर्ध्यावर धरते. आतून ठोका. जा.